अक्कांची पट्टी

जळगावच्या एका कॅन्सर रुग्णालयात मी फार्मासिस्ट आहे. दुखणं कमी करणारी औषधं माझ्या खिडकीतून दिली जातात आणि ती कशी घ्यायची हे समजावणंही माझ्याकडेच असतं.

रावेरकडच्या एका अक्कांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, म्हणून नाकातून नळी घातली होती. मुलगा केळीचा बागायतदार. दुखण्याच्या गोळ्या तो कुटून, पाण्यात कालवून नळीतून देऊ लागला. पण त्या गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं आणि लवकर संपतं. अक्का दुपारी गुंगीत असायच्या, संध्याकाळी कण्हायच्या. हे कळल्यावर डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि छातीवर चिकटवायची पट्टी दिली. तिच्यातलं औषध कातडीतून थोडं थोडं उतरतं. तीन दिवसांनी जुनी काढून नवी लावायची.

"शेकायचं नाही, उन्हात बसायचं नाही," मी अक्कांना सांगितलं. "अंग तापलं की औषध जास्त उतरतं."

"मंग बागात कोन पाहीन? केळी कापनीले आली."

"माय, मी हाये ना," मुलगा म्हणाला.

"तू हाये म्हनूनच पाहा लागते."

उन्हाळ्याचे दिवस होते. घामाने पट्टी सुटायला लागली. मुलाने केळीची खोकी बंद करायची चिकटपट्टी आणली आणि तीच वरून, चहूबाजूंनी गच्च लावली. मला विचारलं नाही, कारण त्याला ते विचारण्यासारखं वाटलंच नसावं. अक्का तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली बाजेवर बसून घड मोजून घेत होत्या.

एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"ताई, माय हाक मारली तं डोये उघडते, परत मिटते."

"आधी पट्टी काढा. सावलीत न्या, गाडीत घाला आणि इकडे आणा. मध्ये मध्ये हाक मारत राहा."

अक्कांना आणलं तेव्हा श्वास संथ होता. चिकटपट्टीखाली कातडीवर फोड आले होते. पट्टी निघाली तरी कातडीत साठलेलं औषध बराच वेळ उतरत राहतं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. मुलगा बाहेर बाकावर बसून राहिला. सकाळी अक्कांनी नीट डोळे उघडले आणि विचारलं, "केळीची गाडी भरली का रे?"

डॉक्टरांनी त्यांना सरळ विचारलं, "अक्का, शेतात जाणं बंद कराल?"

"नाही."

यावर डॉक्टरांनी वाद घातला नाही. पट्टी बंद करून त्यांनी पातळ मॉर्फिन लिहून दिलं, दर चार तासांनी नळीतून द्यायचं. सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने हटकून बद्धकोष्ठता होते. द्यायची जबाबदारी सुनेने घेतली. माझ्या खिडकीशी उभी राहून तिने सिरिंजमध्ये पाणी ओढून पाहिलं, बुडबुडा काढला, पुन्हा ओढलं.

"चुकून दोनदा दिलं गेलं तर?"

"एकाच माणसाने द्यायचं. दिलं की घरात मोठ्याने सांगायचं."

तसंच तिने केलं. मजुरांनाही वेळ पाठ झाली होती, असं मुलगा सांगायचा. दुखणं पूर्ण थांबलं नाही, पण बाजेवर बसून बोलण्याइतकं कमी झालं. त्या हंगामाची कापणी अक्कांनी पाहिली. पावसाळाही काढला. दिवाळीनंतर घरीच वारल्या.

काही दिवसांनी मुलगा आणि सून उरलेली बाटली परत द्यायला आले. शेवटच्या आठवड्यात अक्का फारसं बोलल्या नाहीत, पण कण्हल्याही नाहीत, असं सुनेने सांगितलं. मग बाटलीकडे बोट करून ती म्हणाली, "हे दुसऱ्या कोणाला द्याल ना?"

"उघडलेली बाटली देता येत नाही. नष्ट करावी लागते."

"एवढं दुखणारी माणसं बाहेर बसलीत अन् तुम्ही ओतून देणार?"

"हो."

तिला ते पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मुलगा "चल" म्हणाला, पण ती हलली नाही. रीतसर साक्षीदार बोलावून मी बाटली रिकामी करेपर्यंत ती काचेपलीकडे उभी होती.