अकरा काटे

पावणेपाचला डीरफिन्नाचा दिवस सुरू होई. गजर तिने कधी लावला नाही. उठल्यावर पहिलं काम म्हणजे बोटं उघडणं. रात्रभरात ती मिटून बसत. कोमट पाण्यात हात बुडवून ती दहा मिनिटं थांबे, तेव्हा कुठे कप धरता येई. मग दातांत साखरेचा खडा, त्यावर काळी कॉफी, राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी. सहाच्या ठोक्याला ती कालडेयरी गावच्या मासळी कारखान्यात आपल्या जागेवर उभी असे, सुरीला धार लावून. नवरा बोटीवर. मुलगा शिकायला राजधानीत, रेक्याविकला गेला तो तिकडचाच झाला. जागा मात्र बत्तीस वर्षं तीच.

काम सांगायला सोपं आहे. काचेच्या टेबलाखाली दिवा असतो. कॉड माशाचं सोललेलं काप काचेवर ठेवायचं. खालून उजेड आला की काटा काळ्या रेघेसारखा दिसतो, अळी तपकिरी वेटोळ्यासारखी. सुरीच्या टोकाने ती काढायची आणि सोबत मांस जाऊ द्यायचं नाही. चांगली बाई मिनिटाला दोन कापं साफ करते. घाई करणारी तीन करते आणि त्यातलं एक परत येतं. डीरफिन्ना दोन करी. ट्रे भरला की सुरीची पाठ त्याच्या कडेवर दोनदा आपटी, टक टक, चिकटलेलं मांस झाडायला. बाकीच्या बाया सुरी एप्रनला पुसत.

"कुणाचं दार वाजवतेस गं?" बाया विचारत.

"माशाचं. घरात आहे का बघते."

तिच्या शेजारची जागा ओड्रूनची. गाव तिला काटेवाली म्हणे. दोघी एकाच वर्षी, एकाच गल्लीत जन्मलेल्या. लहानपणी एकीला हाक मारली की दोघी ओ देत. आता "सरक," "धार गेली," "वारा फिरला," एवढंच बोलणं. ओड्रूनच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. रबरी हातमोज्याचं रिकामं टोक ती रोज सकाळी दोऱ्याने बांधी. ती गाठ मारत असताना डीरफिन्ना दुसरीकडे बघे.

का बघे, ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

चौसष्ट सालचा उन्हाळा. दोघी पंधरा वर्षांच्या, टेबलावर नव्या. तेव्हा प्रत्येकीला नंबराचा पत्र्याचा बिल्ला मिळे. भरलेल्या ट्रेवर आपला बिल्ला ठेवायचा, म्हणजे काम कुणाचं ते मुकादमाला कळे. डीरफिन्ना सव्वीस, ओड्रून सत्तावीस. ओड्रूनचा हात उपजतच चांगला होता. डीरफिन्ना तिच्या बरोबरीने धावायला बघे आणि मागे काटे सोडी. तिचे दोन ट्रे परत आले होते. तिसरा आला की टेबलावरून उचलून गोठवणघरात टाकत. तिथे माशांनी भरलेले लोखंडी साचे दिवसभर दाबयंत्रात सरकवायचे. त्या कामाने मोठे बाप्ये वाकत.

त्या दिवशी तिने एक ट्रे घाईने भरला आणि मान वर केली, तर मुकादम गेइरमुंडुर तीन टेबलांच्या अंतरावर आला होता. ट्रे साफ नाही हे तिला माहीत होतं. पुन्हा बघायला वेळ नव्हता. ओड्रून धार लावायला गेलेली. तिचा बिल्ला टेबलाच्या कडेला पडला होता. हाताला तो सापडला आणि हाताने तो ठेवला. टक टक.

गेइरमुंडुरने ट्रे उजेडावर उलटा केला आणि मोठ्याने मोजायला लागला. अकरा काटे निघाले. एका ट्रेत अकरा कुणी पाहिले नव्हते.

"हा माझा ट्रे नाही," ओड्रून म्हणाली.

गेइरमुंडुरने बिल्ला तिच्या नाकासमोर धरला. "पोरी, माणूस खोटं बोलतं. नंबर बोलत नाही."

ओड्रूनने डीरफिन्नाकडे बघितलं. साक्ष मागावी तसं. डीरफिन्नाने खाली काचेकडे बघितलं.

तिसऱ्या ट्रेची वाटही कुणी पाहिली नाही. अकरा काट्यांवर ओड्रूनची त्याच तासाला गोठवणघरात रवानगी झाली. संध्याकाळपर्यंत तिचं नाव काटेवाली पडलं. सप्टेंबरात एक साचा घसरला आणि अर्धी करंगळी गेली. नऊ वर्षांनी तिला टेबल परत मिळालं. तेव्हापासून तिचा एकही ट्रे परत आला नाही, पण नाव काही सुटलं नाही. डीरफिन्ना आधी उद्या सांगते, उद्या सांगते म्हणत राहिली. बोट गेल्यावर तिची जीभच गेली. कचऱ्यात फेकलेला सत्तावीसचा बिल्ला तेवढा तिने उचलून घरी नेला आणि बटणांच्या डब्यात तळाशी टाकला.

बत्तीस वर्षांनी गावात चित्रपटवाले आले.

गोष्ट दोन पंधरा वर्षांच्या पोरींची होती. चौसष्ट सालचं मासळीचं गाव, त्यांची जिवाभावाची मैत्री आणि ती तुटणं. दिग्दर्शिका साल्वर, तिशीची बाई, कोरे करकरीत गमबूट घालून कॉफीच्या खोलीत आली. जुनी उजेडाची टेबलं तिने गोदामातून बाहेर काढून घेतली होती.

"पटकथेत या दोघी एका मुलावरून भांडतात," ती म्हणाली. "मला ते पटत नाहीये. तुम्ही सांगा."

बाया खदखदल्या. "मुलावरून? अगं, तेव्हा गावात मुलं होती तीन. त्यातली दोन आमचे चुलतभाऊ."

"आणि तिसरा?"

"त्याच्याशी माझं लग्न झालं. भांडायला हवं होतं कुणीतरी, सुटले असते!"

हशा ओसरल्यावर साल्वर म्हणाली, "मग या टेबलावर मैत्रिणीने मैत्रिणीचा घात करायचा तर कसा करेल?"

ओड्रून खिडकीशी बसून क्लाइना, तळलेला गोड पीळ, कॉफीत बुडवत होती.

"बिल्ला बदलून," डीरफिन्ना म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "आपल्या खराब ट्रेवर तिचा नंबर ठेवायचा. दोन सेकंदांचं काम आहे."

साल्वर लिहून घ्यायला लागली. ओड्रूनने क्लाइना संपवली, बोटं पुसली आणि कामावर गेली.

नायिकेचं काम करणारी एम्बला शहरातली पोर. सुरी धरली की तिचे डोळे आपोआप मिटत.

"मला नाही जमत. तो मासा माझ्याकडे बघतोय."

"त्याला डोकंच नाहीये," डीरफिन्ना म्हणाली. "तू काचेकडे बघ."

दोन दिवस शिकवून उपयोग झाला नाही. मग साल्वरने ठरवलं की जवळून घ्यायचे हात डीरफिन्नाचे. रबरी हातमोज्यात वय दिसत नाही. चार दिवसांचं काम, कारखान्याच्या दुप्पट मजुरी. ती मजुरी डीरफिन्नाने पाकीट न उघडता कपाटात ठेवली.

बिल्ला बदलायचा प्रसंग शेवटच्या दिवसासाठी ठेवला होता. त्या सकाळी तिने बोटं उघडली, कॉफी केली, आणि कप तसाच बाजूला ठेवला. तिने बटणांचा डबा टेबलावर पालथा केला.

चित्रीकरणाच्या शेडमध्ये साल्वर, कॅमेरावाला आणि सामान सांभाळणारा पोऱ्या एवढेच होते.

"ट्रेत थोडे काटे राहू देत," साल्वर म्हणाली. "पुढे मुकादमाचं काम करणारा ते मोजणार आहे."

"किती?"

"कितीही."

डीरफिन्नाने वीस मिनिटं घेतली. त्या वेळेइतकेच काटे ठेवले. एक जास्त राहिला होता तो काढला. मग पोऱ्याने बिल्ल्यांची पेटी पुढे केली. "यातला कुठलाही घे. आकडा अजून पडद्यावर आलेला नाही."

"माझ्याकडे त्या वेळचा खरा आहे."

साल्वरने तो उजेडात धरला. कडेला गंज, मधे ठोकलेला सत्तावीस. "कुणाचा हा?"

"एका चांगल्या कामगाराचा."

कॅमेरा सुरू झाला. बिल्ला टेबलाच्या कडेला पडला होता. हाताला तो सापडला आणि हाताने तो ठेवला. टक टक.

"ते सुरी आपटणं पटकथेत नाही," साल्वर म्हणाली. "पण राहू दे. छान आहे."

त्या हिवाळ्यात डीरफिन्नाचे खरे हाल झाले. गुन्हा एकदा केला होता, तेव्हा तो करताना विचार नव्हता. आता विचार करून केलेलं काम दूर कुठेतरी फिल्मच्या डब्यात बंद होतं आणि गावाकडे यायला निघालं होतं. शेजारी ओड्रून रोज दोरा बांधत होती. सांगून टाकायला शंभर सकाळी मिळाल्या. शंभरही तिने घालवल्या.

जानेवारीत साल्वरचा फोन आला. "चित्रपट लांबलाय. ट्रेचा प्रसंग कापावा म्हणते. तुला काय वाटतं?"

ही सुटकेची वाट होती, आयती. एक 'हं' म्हटलं असतं तरी पुरे. डीरफिन्नाने रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला.

"राहू दे तो."

"का?"

"मेहनत आहे त्यात."

मार्चमध्ये एका रविवारी दुपारी सभागृहात चित्रपट लावला. शाळेतून खुर्च्या आणल्या, तरी पोरांना खिडकीत बसावं लागलं. ओड्रून तिसऱ्या रांगेत, डीरफिन्ना अगदी मागे, दाराजवळ. पण दारातून निघून जायचं नाही हे तिने ठरवलं होतं.

पहिला तास गावाने स्वतःला ओळखण्यात घालवला. "ती बघ आमची मेंढी!" "सिगबोर्ग, तुझी चड्डी वाळतेय गं पडद्यावर!" मग ते टेबल आलं. खालून दिवा लागला आणि रबरी हातमोज्यातले हात दिसले. बाया ओरडल्या, "डीरफिन्ना!" हातांनी ट्रे भरला. हात थबकले. टेबलाच्या कडेचा बिल्ला उचलला आणि ट्रेवर ठेवला. आकडा माणसाएवढा होऊन पडद्यावर आला.

सुरी वाजली, टक टक. पोरं हसली. मोठ्यांपैकी कुणीच हसलं नाही.

पडद्यावरच्या मुकादमाने ट्रे उलटा केला आणि मोजायला घेतलं. एक. दोन. तीन. सहानंतर म्हाताऱ्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आठ. नऊ. म्हातारी सिगबोर्ग ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर मोजत होती. दहा.

अकरा.

ओड्रूनची मान ताठ होती. ती वळली नाही. चित्रपट पुढे चालू राहिला, संपला, दिवे लागले. टाळ्या वाजल्या त्या खिडकीतल्या पोरांच्या.

कॉफीच्या टेबलाशी माणसं कप घेऊन उभी होती, पण ओतत कुणी नव्हतं. त्यांच्यामधून ओड्रून सरळ मागे आली. डीरफिन्ना खुर्चीतून उठली.

"अकरा," ओड्रून म्हणाली.

"हो."

"तूच."

"हो. मीच."

"मला वाटलं, माझे डोळे गेले. पंधराव्या वर्षी. डॉक्टर म्हणाला, पोरी, डोळे उत्तम आहेत. तरी मी चष्मा केला. नंबर नव्हता त्याला. बिननंबरी काच सहा वर्षं नाकावर वागवली मी." तिचा आवाज चढला नव्हता. "बोटाचं मी तुझ्यावर घालत नाही. ते साच्याने नेलं. पण आजही ट्रे भरला की मी तो तीनतीनदा बघते. ते तू केलंस."

"हो," डीरफिन्ना म्हणाली. माफ कर म्हणायचं तिने घोकून ठेवलं होतं. ते आता इतकं हलकं वाटलं की तिने म्हटलंच नाही.

ओड्रूनने कोट घेतला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सहाला दोघी आपापल्या जागी उभ्या होत्या. हातगाडीवाला ह्रोल्फुर सवयीने ओरडला, "ए काटे..." आणि तिथेच अडला. मान खाजवून म्हणाला, "ओड्रून, गाडी सोडू का?" बत्तीस वर्षांचं नाव एका सकाळी गळून पडलं. पण गावाला नाव ठेवल्याशिवाय करमत नाही. आठवडाभरात ते डीरफिन्नाला 'अकरा' म्हणू लागले. "अकरा आली का?" "अकराला विचारा." ती ओ देई. कुणाला तिने थांबवलं नाही.

ओड्रून मात्र "सरक" सुद्धा म्हणेना. एप्रिल गेला, मे गेला.

जूनमध्ये ओड्रूनने एक फाटका हातमोजा टाकून दिला, करंगळीला गाठ असलेला. डीरफिन्नाने तो कचऱ्यातून उचलला. तिथून उचलायची तिला सवयच होती. कपाटातलं पाकीट पहिल्यांदा उघडलं, दोन दिवसांची रजा टाकली आणि बसने रेक्याविक गाठलं. चामडं शिवणारा एक म्हातारा तिला मुलाने शोधून दिला. म्हाताऱ्याने रबरी मोजा उलटसुलट केला.

"डावा असा अर्धा का?"

"हात तसा आहे."

"महाग पडेल. वेगळा साचा कापावा लागेल."

"काप."

तीन आठवड्यांनी पुडकं टपालाने आलं. पहाटे इतर बाया यायच्या आधी तिने ते ओड्रूनच्या जागेवर ठेवलं आणि ती आपल्या सुरीला धार लावत बसली.

ओड्रूनने कागद सोडला. तपकिरी चामडं, आत लोकर. उजव्याला पाच बोटं, डाव्याला साडेचार. तिने डावा हात आत घातला. कुठे काही लोंबलं नाही, बांधायला काही उरलं नाही. मग तिने तो काढला, टेबलाखालचा दिवा लावला आणि हातमोजा काचेवर ठेवून शिवण तपासायला लागली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. एकेक टाका. तीनदा.

"इथे टाका सुटलाय," ती म्हणाली.

"कुठे?"

"आंधळी आहेस का? हा बघ."

डीरफिन्ना काचेवर वाकली. टाका खरंच सुटला होता. ओड्रूनने एप्रनच्या खिशातून तो रोजचा दोरा काढला, दाताने तोडला आणि अर्ध्या करंगळीच्या कडेला गाठ मारली. डीरफिन्नाने या वेळी नजर वळवली नाही. चार दिवसांच्या दुप्पट मजुरीत हातमोज्यांची एक जोडी आली होती, साडेनऊ बोटांची. पाकिटात उरलं ते बसच्या भाड्यात गेलं होतं.