खारं पिणारं झाड

"आधी पाणी बघू," म्हणायचे अण्णा. कुठंही उतरले की पहिला तांब्या, बाकी सगळं मग. घोट जिभेवर घोळवायचा, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा. गोडं. मचूळ. खारं. लग्नाला गेले तरी मुलीकडच्यांच्या पाण्याला नाव ठेवून मोकळे. तुमच्याही ओळखीत असला एखादा असेलच.

गुलबर्ग्याच्या टेलिफोन ऑफिसात आमची टेबलं शेजारीशेजारी होती. या खोडीमागचं कारण मला उशिरा कळलं. गावाकडं, खजुरीत, भावांची वाटणी झाली तेव्हा अण्णांच्या पदरात मीठ फुटणारं रान पडलं. उन्हाळ्यात जमीन पांढरी व्हायची. तूर न्हाई, ज्वारी न्हाई, बाभूळसुद्धा धड येईना. चटणीला मीठ अण्णाच्या रानातनं आणा, म्हणून भाऊ चेष्टा करायचे. अण्णा हसून घ्यायचे, पण रविवारी गावाकडं जाऊन आले की सोमवारी गप्प असायचे.

"तिथं एक तरी हिरवं झाड बघून मरायचंय," एकदा म्हणाले, बास.

नोकरीतल्या प्रवास-सवलतीत आम्ही दोन जोडपी अंदमानला गेलो. मद्रासपर्यंत रेल्वे, पुढं जहाज. अण्णांच्या मंडळी, म्हणजे आमच्या अक्का, गावाकडनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आलेल्या. जहाजातल्या तमिळ बायकाही त्यावर खूष. पोर्ट ब्लेअरहून बसनं सुपारीच्या बागांतून धक्क्यावर गेलो आणि तिथनं होडीनं समुद्रातल्या राष्ट्रीय उद्यानात. होडीच्या तळाला काच, खाली निळेपिवळे मासे. आमची नजर काचेवरनं हलेना. अण्णा मात्र आमच्याकडं पाठ करून काठाकडं बघत बसलेले. तिथं झाडं चक्क समुद्रात उभी होती, मुळं पाण्यात, वर हिरवीगार. अण्णांनी ओंजळभर समुद्र तोंडात घेतला, थुंकला आणि होडीवाल्याला आपल्या दखनीत विचारलं, "भाई, ये झाड खाराच पीता क्या?"

पितं, पण उद्यानातलं पानही तोडायचं नाही, असं त्यानं बजावलं. अण्णा हिरमुसले. त्याला काय वाटलं कोण जाणे, परत आल्यावर त्यानं उद्यानाबाहेर आपल्या घरापुढच्या वाळूत वाहून आलेलं एक बी दिलं. शेवग्याच्या शेंगेएवढं लांब. अण्णांनी ते ओल्या टॉवेलात गुंडाळून खजुरीपर्यंत तान्ह्या बाळासारखं आणलं.

रानात लावलं आणि गावी राहणाऱ्या अक्कांना ताकीद दिली: रोज हापशाचं कळशीभर पाणी घालायचं आणि त्यात मूठभर मीठ टाकायचं. त्याला समुद्राची सवय, गोडं पचायचं न्हाई! गाव पोट धरधरून हसलं. पण खरंच पानं फुटली हो. त्या सोमवारी अण्णा पेढे घेऊन आले आणि दिवसभर बोलत राहिले. इतका सुखी माणूस मी त्या ऑफिसात दुसरा बघितला नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी अण्णा गेले. मी खजुरीला गेलो तेव्हा पांढऱ्या रानात झाड कमरेएवढं झालेलं, अक्का कळशी रिती करत होत्या. अजून मीठ घालताय का, म्हणून मी विचारलं.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. "कामून वाया घालू मीठ, भावजी? पयल्यापासनं गोडंच पितंय ते."

मग घराकडं एकदा बघून हळूच म्हणाल्या, "त्यांच्या फोटोम्होरं बोलू नगा तेवढं."