बाबांचा मनातला णमोकार

कामरगावात आमचं किराणा दुकान होतं आणि बाबांना दमा होता. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला का यावं, ते देवालाच ठाऊक. मिरची, धने, हळद, तंबाखू. ज्याच्या नुसत्या खकाण्यानं बाबांची छाती वाजायची, नेमकं तेच आम्ही विकत होतो. पण चार दिवस दुकानात बसू नका म्हटलं की बाबा असे बघायचे, जणू आम्ही त्यांना गावाबाहेर काढतोय.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेवटी कारंज्याच्या डॉक्टरांनी खास बाबांपुरते नियम बांधून दिले. संध्याकाळची गोळी दिवस बुडायच्या आत, कारण आम्ही जैन, आणि त्यानंतर बाबा पाण्याचा थेंबही घेत नसत. आणि रोज सकाळी छातीची परीक्षा. त्यासाठी डॉक्टरांनी विचारलं, रोज न चुकता काय म्हणता? बाबा म्हणाले, मिरचीचा भाव. आईनं कपाळाला हात लावला आणि सांगितलं, णमोकार मंत्र म्हणतात. मग ठरलं. पाची ओळी एका श्वासात झाल्या तर खुशाल दुकानात जा. मधेच अडकलं तर जास्तीची गोळी घेऊन घरी बसा. पहिलीच ओळ पुरी झाली नाही, तर मिळेल त्या गाडीनं कारंज्याला या.

दुसऱ्या दिवसापासून बाबा ओट्यावर मांडी घालून बसायला लागले. डोळे मिटलेले, चेहरा असा शांत की आता केवलज्ञानच व्हायचं बाकी. थोड्या वेळानं हात वर करून म्हणायचे, झाला, एका श्वासात. की चालले किल्ल्या वाजवत.

महिनाभर बाबा रोज पास. नवी मिरची आली, पोती सुटली, तरी पास. इकडे जेवताना त्यांना घासागणिक थांबावं लागत होतं. आई म्हणायला लागली की हा डॉक्टर काही कामाचा नाही. बाबांनीही मोठ्या मनानं मान डोलावली. आईचं बोलणं त्यांना पटल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

एका बाजाराच्या दिवशी आई ओट्याशेजारीच तांदूळ निवडत बसली होती. बाबांचे ओठ मिटलेले आणि छाती मात्र भात्यासारखी वरखाली होत होती. आईनं सूप खाली ठेवलं.

"तुमी मनात म्हणून राह्यले का?"

बाबांनी डोळे उघडले. मग मोठ्या गंभीरपणे त्यांनी तिला समजावलं की मंत्र मनातच म्हणायचा असतो, जप करताना ओठ हलू नयेत असं लहानपणापासून शिकवलंय. बोलताना तीनदा थांबले. लबाडी नव्हती हो त्यात. बाबा साखरेच्या पुडीत सुतळीचं वजनसुद्धा धरत नसत.

"मनाले कुठं दमा झाला तुमच्या," आई म्हणाली. "छातीले झाला. मोठ्यानं म्हणा."

बाबांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत अडकले. घाई झाली म्हणाले, पुन्हा म्हणतो. पुन्हा म्हटलं तर पहिलीच ओळ पुरी होईना. त्यांनी आईकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली. मी तर रडायलाच लागले.

ऐन बाजारात दुकानाला कुलूप लागलं. कापसाच्या एका व्यापाऱ्याची जीप कारंज्याला निघाली होती, तिच्यात आम्ही बसलो. मला वाटलं, पोचल्यावर आई डॉक्टरांसमोर बाबांची चांगलीच खरडपट्टी काढणार.

इंजेक्शनानं दुपारनंतर बाबांचा श्वास जरा खाली बसला. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस त्रास कळला कसा नाही? बाबा खाटेवर उशांना टेकून बसले होते. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "रोज... पुरा होऊन राह्यला होता. मले खरंच वाटलं, मी बरा झालो."

आईनं बोलायला तोंड उघडलं, आणि तिला रडू कोसळलं. पदरानं डोळे पुसत तिनं बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "उद्यापासून माह्यासंगं म्हणा."