भोरच्या पडद्यावर आलेला फोन

भोरमध्ये माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पण तालुका मला ओळखतो तो कबड्डीच्या माईकमुळे. पोरगा चढाईला निघाला की तो कुणाचा, कुठल्या गावचा, त्याचा चुलता कुठल्या संघातून खेळायचा, हे मी एका दमात सांगतो. लोकांना खेळाइतकंच ते लागतं. भाटघरचा पोरगा आमच्याकडे नुसता पोरगा कधीच नसतो.

म्हणून पुण्याची एक कंपनी मोबाईल गेमची स्पर्धा घेऊन आली तेव्हा माझ्याकडेच आली. पडदा, टी-शर्ट, इंटरनेट त्यांचं. पोरं जमवणं आणि माईक माझा. त्यांचा साहेब भोर-वेल्ह्याला सारखा 'नवं मार्केट' म्हणायचा. मला चीड यायची, तरी मी त्याला चहा पाजत होतो.

नाव नोंदवायला एक मुलगी दुकानात आली. पानशेतकडची, इथे मावशीकडे राहून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. फॉर्मवर वडिलांचं नाव वाचलं आणि मी उडालोच. त्यांच्या चढाया मीच एके काळी माईकवरून गाजवल्या होत्या.

"काका, तिथं माजं गाव नि पप्पांचं नाव तेवढं घेऊ नका," ती म्हणाली. "स्थळ आलंय. पप्पा डिग्रीपतुर थांबतो म्हणालेत. पण मी पोरांच्यात बसून खेळते कळलं, तर डिग्री ऱ्हाईल बाजूला नि लगीनच लावतील."

"माझ्या तोंडून जायचं नाही," मी म्हणालो. काय खात्री होती मला माझ्या तोंडाची!

रविवारी मंगल कार्यालय भरलं. तिच्या संघात वरवे गावची तीन पोरं आणि ती. गोळीबाराचा गेम, शेवटपर्यंत टिकेल तो संघ जिंकला. मी तिचं गेममधलं टोपणनाव तेवढं घेत होतो. पण कंपनीचा कॅमेरा सगळं लाईव्ह पाठवत होता आणि खाली लोक लिहीत होते, ही पोरगी कोण? सभागृहातूनही तेच येऊ लागलं. "कुणाची ओ ही?" पुढच्या रांगेतले एक पुढारी फेटा घेऊन थेट माझ्यापाशी आले. "हिला फेटा बांधायचाय. कुणाची लेक ते सांगा की! आज मुके का झालात?"

मी हसून वेळ मारून नेली. एकदा नेली, दोनदा नेली.

अंतिम सामन्यात तिची तिन्ही पोरं बाद झाली. ती एकटी, समोर तिघे. तिने एक टिपला, लगेच दुसरा. सगळं सभागृह उभं राहिलं आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. वडिलांचं नाव, गाव, सगळं. वर आणखी, "हिच्या रक्तातच चढाई आहे!" एवढ्या टाळ्या मला कबड्डीतही कधी मिळाल्या नव्हत्या.

तिने मान वर केली नाही. आता एकच गडी उरला होता आणि दोघंही लपून एकमेकांची वाट बघत होते. तिच्या मोबाईलचं चित्र पडद्यावर दिसत होतं. त्या चित्रावर एकदम फोन आला. भलीमोठी अक्षरं: पप्पा.

तिने कट केला. पुन्हा आला. लोक हसले. तिसऱ्यांदा आला तेव्हा कुणी हसलं नाही. चौथ्यांदा ती कट करत असतानाच समोरच्याने तिला टिपलं.

ती उठली, वाजणारा मोबाईल पिशवीत टाकला आणि फेटा घेऊन उभ्या असलेल्या पुढाऱ्यांच्या शेजारून निघून गेली. मी माईक बंद करून टेबलावर ठेवला. स्वतःची इतकी किळस मला कधीच आली नव्हती.

पंधरा दिवसांनी तिचे वडील दुकानात आले. शिव्या खायची तयारी ठेवूनच मी उठलो. त्यांनी हात जोडले आणि लग्नपत्रिका पुढे केली.

"लई उपकार झाले तुमचे. येळेवर कळलं, न्हाईतर पोर हातची गेली असती."

"कॉलेज?"

"आता कशाला?" ते समाधानाने खुर्चीत बसले. "पर एक हाय. लग्नात माईक तुमीच धरायचा. माज्या पोरीचं नाव तुमच्याच तोंडी शोभतं."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "किती वाजता येऊ?"