आभारमंत्री

आपल्याकडे कुठल्याही कार्यक्रमात माइकवरून ‘आता आभारप्रदर्शन’ म्हटलं, की लोक चपला शोधायला लागतात. पाहुणे खुर्चीच्या कडेवर सरकतात, चहाच्या पातेल्याचं झाकण निघतं, आणि आभार मानणारा बिचारा मंडपवाल्यापासून सतरंजीवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं रिकाम्या मांडवाला ऐकवत बसतो. मीही कितीदा अशी मधेच उठलेय. आर्वीची बस कुणाच्या आभारांसाठी थांबत नाही.

म्हणून रोज सकाळच्या परिपाठात मुलांनी कुणाचे तरी आभार मानायचे असं आमच्या शाळेत ठरलं, तेव्हा मी नाक मुरडलं. शाळा आर्वीपासून थोड्या अंतरावरच्या गावात, पहिली ते चौथी, शिक्षक दोघंच: मुख्याध्यापक सर आणि मी. सर प्रशिक्षणाला जाऊन आले की त्यांच्या अंगात काहीतरी नवं संचारतं. या खेपेला मुलांचं मानसशास्त्र संचारलं होतं. रोज एक चांगली गोष्ट आठवून तिच्याबद्दल आभार मानले तर म्हणे मुलं आनंदी राहतात. मी म्हटलं, सर, आपल्या भागात घरात कोण कुणाचे आभार मानतं? शेजारणीनं विरजण दिलं आणि मी तिला धन्यवाद म्हटलं, तर ‘मले परकी समजते का’ म्हणून ती माझ्याशी बोलायची बंद होईल. सर हसले आणि त्यांनी बालमंत्रिमंडळात नवं खातं काढलं: आभारमंत्री.

ते खातं कुणाला नको होतं. पाणीमंत्री व्हायला मारामारी, कारण टाकीची तोटी त्या मंत्र्याच्या हुकमाखाली. क्रीडामंत्र्याकडे चेंडूच्या कपाटाची किल्ली. आभारमंत्र्याकडे काय? तेव्हा मुलांनी ते पद जी नको म्हणणार नाही तिच्या गळ्यात घातलं. ती नको म्हणाली नाही, कारण ती काहीच म्हणत नसे.

तिसरीतली ही मुलगी त्याच वर्षी आमच्याकडे आली होती. वडील नव्हते. आई नागपूरला नर्सिंग शिकायला गेली आणि हिला मामा-मामीकडे ठेवून गेली. मामा-मामी जीव लावणारी माणसं, पण ही शाळेत तोंड उघडेना. दुपारची खिचडी भिंतीकडे तोंड करून खायची आणि अर्धी तशीच ठेवायची. मामा एकदा मुद्दाम भेटायला आले. दिवाळीपर्यंत पोरगी रुळली नाही तर आपण शिक्षण सोडून परत येतो, असं बहीण म्हणत होती. इतक्या खटपटीनं मिळालेला प्रवेश हातचा जाईल म्हणून ते कळवळले होते. मग मलाही घोर लागला.

परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या सगळं व्हायचं आणि शेवटी ही पुढे यायची. हात जोडायची. ओठ घट्ट मिटलेले. मुलं चुळबुळ करायची, सर मऊ आवाजात ‘बरं, उद्या’ म्हणायचे, आणि ती जागेवर जायची. असं रोज. मला राग चटकन येतो. एक दिवस मी सांगून टाकलं, हे खातं आता दुसऱ्या कुणाला देऊ. त्यावर पाणीमंत्री उभी राहिली. ही चौथीतली, आवाज अख्ख्या गावाला पुरेल असा. मंत्री बदलायचा तर आधी मंत्रिमंडळाला विचारावं लागतं, असं तिनं मला बजावलं. नागरिकशास्त्र मीच शिकवलेलं.

त्या दुपारी पाणीमंत्री आपली थाळी घेऊन गेली आणि आभारमंत्र्याच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी गेल्या. आठवडा संपेपर्यंत अर्धी शाळा भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली, आणि खिचडी वाढणाऱ्या मावशी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावू लागल्या. मी त्यांना उठवायलाच गेले होते. पाठीमागे पोचले तेव्हा पाणीमंत्री तिला विचारत होती.

“तू आभार काऊन नाई मानत?”

“आभार मानले का माणूस निंघून जाते.”

मग घासाघासाला थोडं थोडं बाहेर आलं. आई तिला सोडायला आली त्या दिवशी स्टँडवर पिशवी खाली ठेवून तिनं मामीला हात जोडले होते, वहिनी, तुमचे आभार कसे मानू म्हणाली होती, आणि बसमध्ये चढली होती. घरात कुणी कधी न वापरलेला शब्द. पोरीनं तो पहिल्यांदा ऐकला आणि लगेच आई गेली. तो तिच्या मनात तसाच रुतून बसला. काय करावं ते न सुचून मी मावशींना खिचडी खारट झाल्याचं सुनावलं. ती खारट नव्हती.

पाणीमंत्री तोंडातला घास संपवून म्हणाली,

“मंग आपण आभार पयलेच मानू. घंटी झाली का आभार. मंग कोणी कुठं जाईन? शाळा तं तेव्हा सुरू होते.”

परिपाठाचा क्रम सरांच्या लेखी दगडावरची रेघ. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण सगळं ऐकल्यावर ते चष्मा काढून पुसत बसले. दुसऱ्या सकाळी घंटेनंतर सगळ्यांत आधी आभारमंत्री पुढे आली. तिनं हात जोडले. मग पाणीमंत्र्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, “हे माह्यासंगं भिंतीकडे तोंड करून जेवली. तिचे आभार.” आणि कोण उठतंय ते बघत उभी राहिली. कुणी उठलं नाही. प्रार्थना सुरू झाली.

पुढे तिचं खातं सगळ्यांत चालतं झालं. आपलं नाव घ्यावं म्हणून मुलं तिच्यासमोर मुद्दाम एकमेकांचे पडलेले खोडरबर उचलून द्यायची. मामाच्या बैलाचे आभार झाले. ‘मॅडम काल कमी ओरडल्या’ म्हणून माझे झाले, आणि सर भर परिपाठात हसले. थाळ्या भिंतीकडून कधी वळल्या ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर आई आली, शिक्षण सोडायचं की नाही ते ठरवायलाच. शाळा सुटत होती. लेक टाकीपाशी पाणीमंत्र्याशी कडाकडा भांडत होती, ते ती फाटकातून बघत राहिली. मग माझ्याजवळ आली, डोळे भरलेले. “मॅडम, तुमचे आभार...” म्हणत हात जोडले, तोच लेक धावत आली आणि तिचे जोडलेले हात धरून खाली ओढले.

“आता नोको मानू. सकाळी मान. परिपाठाले येजो.”

मी आईला सगळं सांगितलं. ती संध्याकाळच्या बसनं परतणार होती. ती बस तिनं सोडली.

सकाळी ती मुलांमध्ये सतरंजीवर बसली. लेकीनं नाव पुकारल्यावर पुढे येऊन तिनं भावाचे, वहिनीचे, पाणीमंत्र्याचे आणि शेवटी लेकीचे आभार मानले, आणि परत जागेवर जाऊन बसली. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, बातम्या झाल्या. ती हलली नाही. लेक मान वळवून वळवून खात्री करत होती.

मग बसची वेळ झाली. दोघी फाटकापर्यंत गेल्या. तिथंच आईचा पाय अडला, पिशवी या हातातून त्या हातात. लेक तिला म्हणाली, “जा ना आता. तुह्यी शाळा बुडन.”

बस सुटायच्या आतच लेक वर्गात येऊन बसली आणि पाटी काढली. मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होते. तेवढी तारीख लिहायला मला फार वेळ लागला.