राईफभावोजींची दूधबहीण

माइकवरून कुणी ‘मैत्री’ म्हटलं की मला ओकारी येते. तुर्कस्तानातल्या आमच्या बंदरात दर वर्षी मे महिन्यात मैत्री होते. खुर्च्या मांडतात, दोन देशांचे झेंडे लावतात, समोरच्या किनाऱ्यावरून बोट भरून ग्रीक पाहुणे येतात आणि दोन्हीकडचे लठ्ठ पुरुष एकमेकांच्या गालांना गाल घासतात. एका वर्षी कबुतरं सोडायची टूम निघाली. खोक्यात कोंबून ठेवलेली ती कबुतरं अर्धमेली झाली होती. त्यातलं एक उडायच्याऐवजी पाहुण्यांच्या ऑक्टोपसच्या ताटात पडलं आणि तिथेच मेलं. वेटरनं ते पायाला धरून उचललं, ताट पुसलं, आणि भाषण पुढे चालू झालं.

या सगळ्यात पहिल्या रांगेत एक माणूस बसवलेला असायचा. ते माझे भावोजी, राईफ. माझी थोरली बहीण त्यांना दिली होती. ती गेली, तरी ते आमच्याच गल्लीत राहिले आणि माझ्याकडेच जेवत राहिले. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, नखांतलं काळं ग्रीस कधी निघालंच नाही. आम्ही सगळे ग्रीसच्या क्रीट बेटावरून आलेल्यांची पोरं. दोन सरकारांनी माणसांची अदलाबदल केली, तेव्हा मुसलमान म्हणून आमच्या आईबापांना इकडे आणून टाकलं. इकडे आल्यावर कळलं की यांना तुर्की येतच नाही. घरी क्रीटची ग्रीक बोलायचे आणि रानातला हिरवा पाला शिजवून खायचे. इकडचे लोक हसायचे. म्हणायचे, शेतात गाय आणि क्रीटवाला एकदम शिरले तर गाय उपाशी मरते.

राईफभावोजींना शाळेत या भाषेपायी छड्या बसल्या. बाजारात त्यांच्या आईला, बेहियेकाकूला, पोलीस दटावायचे, म्हणून ती बाई घराबाहेर मुकी झाली. मासा हवा असला तर बोट दाखवायची. आणि मग दोन्ही देशांत भूकंप झाले, दोघांनी एकमेकांकडे मदतीची पथकं धाडली, आणि एकाएकी फॅशन बदलली. ज्या भाषेसाठी भावोजींच्या तळहातावर वळ उठले, तीच बोला, बोला म्हणून त्यांना स्टेजवर चढवू लागले.

चढवणारा होता हुलुसी बे, बे म्हणजे शेठ, तेलाच्या घाण्याचा मालक आणि ‘दोन किनारे मैत्री मंडळा’चा अध्यक्ष. दोन किनाऱ्यांमध्ये त्याला दिसत होती ती तिकडच्या तेलगाळणी यंत्रांची एजन्सी. हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरी भावोजी जायचे. मी चिडले की म्हणायचे, “नेझिहे, आईची भाषा बोलायला दुसरी जागा कुठे उरलीय?”

एका मे महिन्यात पाहुण्यांत एक मास्तरीण होती. राहायची अथेन्सला, पण माहेर क्रीटच्या डोंगरातलं. बेहियेकाकूच्याच गावचं. भावोजींनी तिला आईनं सांगितलेली हकीकत सांगितली. शेजारची ख्रिस्ती बाई बाळंतपणात गेली, तेव्हा बेहियेकाकूच्या अंगावर तिचा पहिला मुलगा सालिह पीत होता. तिनं शेजारणीची पोरही छातीला लावली. पोरीचं नाव अर्गिरो. एकीकडे सालिह, एकीकडे अर्गिरो, असं वर्षभर चाललं. मग बोटी आल्या, आणि धक्क्यावर अर्गिरोच्या आत्यानं पोर ओढून घेतली. आमच्यात दुधाचं नातं रक्ताइतकंच धरतात. दूधभावाशी लग्न लागत नाही. काकू मरेपर्यंत पोरांना सांगायची, तुमची एक बहीण तिकडे राहिली.

मास्तरीण ऐकता ऐकता उठून उभी राहिली. म्हणाली, अर्गिरो आहे. डोळे गेलेत, ऐंशीला टेकलीय, पण आहे.

त्यानंतर भावोजी वेडे झाले. त्यांचे बाकीचे भाऊबहीण कधीच गेलेले, हीच एक उरलेली. मंडळाची माणसं सप्टेंबरात क्रीटला जायची होती, त्यांच्याबरोबर यांचं जायचं ठरलं. पासपोर्ट काढला. साठी उलटलेला माणूस आरशासमोर उभा राहून नखं कोरायला लागला. मला विचारायचा, तिला दिसत नाही, मग मी तिला काय नेऊ? मी साबण सुचवला, आपल्या तेलाचा, वास तरी येईल. त्यांनी लगेच बांधून ठेवला. एकच धास्ती होती, आपण पोहोचेपर्यंत म्हातारी टिकेल ना.

निघायच्या दोन दिवस आधी हुलुसी बे आला, चहा प्यायला, आणि दादा म्हणावं तसं म्हणाला, राईफ अबी, तुमचा व्हिसा आला नाही. वकिलातीनं अडवला. त्यानं दुःख व्हावं तसं तोंड केलं आणि जाताना भावोजींचा खांदा थोपटला. तेलकट हात होता, शर्टावर डाग राहिला. पुढे महिन्याभरानं त्याच्या बायकोनं मला हमामात सहज सांगितलं की तो पासपोर्ट कुणी वकिलातीत नेलाच नव्हता, घाण्याच्या ऑफिसात ड्रॉवरमध्येच पडून होता. त्या जागेवर हुलुसीचा मेहुणा फेरिदून जायचा होता, यंत्रं बघायला. ती हे अंगाला साबण लावता लावता सांगत होती, जणू पावाचा भाव सांगतेय.

पण त्याच्याही आधी आमच्या इथल्या पेपरात फोटो आला. ‘ऐंशी वर्षांनी दूधभाऊ-बहिणीची भेट.’ काळ्या कपड्यातली आंधळी म्हातारी, आणि तिनं गळ्याशी धरलेला माणूस कोण, तर फेरिदून. आयत्या बिळावर नागोबा! नागोबाला निदान फणा तरी असतो.

मी तो पेपर भावोजींपासून लपवणार होते, पण तेच घेऊन माझ्याकडे आले.  संध्याकाळी हुलुसी आणि फेरिदून बकलाव्याचं खोकं घेऊन समजूत घालायला आले. हुलुसीचं म्हणणं असं की तिथे सगळं गाव जमलं होतं, बँड होता, टीव्हीवाले होते, दूधभाऊ येणार म्हणून सगळीकडे सांगून झालेलं. आता नाही आला असं कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हातारीला तर दिसत नाही. तिला समाधान मिळालं, दोन देशांचं भलं झालं, कुणाचं काय बिघडलं? फेरिदून मान डोलवत बकलावा खात होता. मी खोकं उचलून गल्लीत भिरकावलं. मांजरांनीही आधी हुंगून बघितलं.

भावोजींनी फेरिदूनला एकच विचारलं. “ती काय म्हणाली?”

“रडत होती,” फेरिदून बोटं चाटत म्हणाला. “काय म्हणाली कुणास ठाऊक. मला ती भाषा कुठे येते? लहानपणीच विसरलो असं सांगून टाकलं. दुभाष्या बँडच्या आवाजात काहीतरी ओरडत होता, मी हो हो करत होतो.”

हिवाळ्यात अर्गिरो गेली. बातमीही मंडळामार्फतच आली, आणि तिचा नातू मे महिन्यात येतोय हेही. म्हातारीनं दूधभावासाठी हातानं विणलेली घोंगडी ठेवली होती, ती द्यायला. आणि तो आला त्याच दिवशी दुभाष्या इझमीरहून वेळेत पोहोचला नाही. तेव्हा हुलुसी कुणाच्या दाराशी आला असेल? मी भावोजींना म्हटलं, थुंका त्यांच्या तोंडावर आणि दार लावा. ते शर्ट बदलत होते. म्हणाले, तिच्या घरचं माणूस आलंय, नेझिहे.

नातवाचं नाव मानुसोस. काळी दाढी, मोठे पंजे, मेंढ्या राखणारा सरळ गडी. स्टेजवर एकीकडे तो, एकीकडे नवा सूट घातलेला फेरिदून, आणि मध्ये आमचे भावोजी. समोर अर्ध्या गावाला खरं काय ते माहीत होतं. एकानं तोंड उघडलं नाही. सगळे पाकात बुडवलेले तळलेले लोकमा खात होते, बोटांवरून पाक ओघळत होता.

मानुसोस म्हणाला, आजी फार शांत गेली. आणि मग भेटीच्या दिवशी आजी दूधभावाला काय म्हणाली ते त्यानं सांगितलं, कारण तिनं ते घरात पन्नासदा सांगितलं होतं. भावोजींना ते तुर्कीत फेरिदूनला सांगायचं होतं. त्यांनी सांगितलं, एकही शब्द न गाळता.

“तुझ्या थोरल्या भावाच्या तोंडचं दूध मी प्यायले. त्याचं कमी पडलं असेल, ही टोचणी मला जन्मभर होती. तो जगला का रे?”

मग मानुसोसनं फेरिदूनचे दोन्ही हात धरले. भावोजी पुढचंही सांगत राहिले. “तुम्ही हो म्हणालात. आजी त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवली. म्हणाली, सालिह जगला, आता मी मरायला मोकळी.”

फेरिदूननं डोळ्यांना रुमाल लावला. टाळ्या झाल्या. घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली, फोटो काढले. सालिह इकडे येताना बोटीवरच तापानं गेला होता, त्याला समुद्रात सोडला होता, हे त्या स्टेजवर एकालाच माहीत होतं.

खाली उतरताना मानुसोसनं भावोजींना थांबवलं. मी त्यांच्या मागेच होते, मला ती भाषा बोलता येत नाही, पण समजते.

“काका, तुम्ही अगदी माझ्या आजीसारखं बोलता. तेच शब्द, तोच हेल. तुम्ही कुणाचे?”

 मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावोजींनी माझं मनगट दाबलं. ते म्हणाले, “मी मंडळाचा दुभाष्या, बाळा.”

घरी येईपर्यंत मी त्यांना नाही नाही ते बोलले. नेभळट म्हटलं, त्यांच्या आईचं नाव घेऊन टोचलं. ते ओट्यावर बसले आणि बूट काढायचे विसरले.

“मी गेलो असतो तर तिनं मलाच विचारलं असतं,” ते म्हणाले. “आणि मी खरं सांगितलं असतं. तिच्या हातात साबण ठेवून सांगितलं असतं, सालिह बोटीवर मेला म्हणून.”

 त्या हरामखोराच्या मूर्खपणानं जे केलं, ते या भल्या माणसाच्या हातून झालं नसतं. फेरिदूनची तेवढीही किंमत धरावी लागतेय, याची मला अजून शिसारी येते.