पत्र्याचा मंडप आणि येळवसची कोप

आमच्या धाराशिवच्या धावपट्टीवर हिवाळ्यात सकाळी असं धुकं बसतं, की वैमानिकाला पट्टी दिसतच नाही. त्यासाठी तिच्या टोकाला आम्ही नवा अँटेना बसवला. त्यातून निघणाऱ्या लहरी विमानातला एक काटा हलवतात. काटा मधोमध, म्हणजे विमान पट्टीच्या रेषेत. अट एकच, अँटेनासमोर पत्रा-लोखंड नको. लहरी त्यावर आपटून वाकतात आणि काटा चक्क खोटं बोलतो.

ही अट मी मोठ्या साहेबांना लेखी दिली होती. पण वाचायची सवय असती तर ते मोठे साहेब कशाला झाले असते? चाचणीचं विमान यायचं, त्या दिवशी त्यांनी पाहुण्यांसाठी पत्र्याचा मंडप ठोकला, तो नेमका अँटेनासमोर. का, तर तिथून फोटो झकास येतो.

त्याच दिवशी येळवस आली. या अमावस्येला आमच्याकडं रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालून पूजा करतात, आल्यागेल्याला भज्जी-आंबील वाढतात. कुंपणापलीकडं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कोप घातली होती.

सकाळी धुकं होतंच. मी तपासणीचं यंत्र घेऊन पट्टीच्या मध्यरेषेवर चालत गेलो. काटा डावीकडं. त्याच्या भरवशावर धुक्यात कुणी उतरलं असतं तर थेट तुरीत. मी साहेबांना म्हणालो, "मंडप काढावा लागतोय."

साहेबांनी मंडपाकडं पाहिलं, मग कुंपणापलीकडं. "ती झोपडी कसली? तीच आडवी येत असणार. आधी ती काढा."

पाहुण्यांच्या मंडपाला दोष कोण देणार? दोन माणसं कुंपण ओलांडून गेली. म्हाताऱ्यानं हात जोडले. "येळवस हाय, साहेब. पूजा तेवढी होऊ द्या, सांजच्याला म्याच मोडतो." साहेबांनी त्याला घड्याळ दाखवलं. पाच मिनिटांत कोप आडवी झाली आणि आतले पूजेचे पाच दगड उघड्यावर पडले.

मी यंत्र घेऊन पुन्हा चाललो. काटा जागचा हलला नव्हता. "बघा," मी म्हणालो.

"उन्नीस-बीस चालतंय. सही करा."

एव्हाना विमान डोक्यावर आलं होतं. वर माणूस बसलाय आणि ह्यांचं उन्नीस-बीस. मी सही केली नाही. सरळ यंत्रणा बंद केली आणि वैमानिकाला तसं कळवायला लावलं. धुकं निवळेपर्यंत तो वर घिरट्या घालत राहिला, मग डोळ्यांनी पट्टी बघून उतरला. मंडपात टाळ्या वाजल्या. कोपीमुळं अडचण झाली होती, असं साहेब पाहुण्यांना सांगत होते.

दुपारी म्हातारा स्वतः भज्जी-भाकरी आणि आंबिलीची घागर घेऊन आला. येळवसला कुणाला उपाशी ठेवत न्हाईत म्हणे. साहेबांनी बोटं चाटून खाल्लं, वर मागून घेतलं. निगरगट्टपणाला काही सीमा असते असं मला तोवर वाटायचं.

म्हाताऱ्यानं माझ्यापुढं ताट ठेवलं. "जेवा साहेब. तुमी एकलेच भांडलात."

मी भांडलो होतो, पण मंडपावरून. कोपीसाठी मी तोंड उघडलं नव्हतं. कोरड्या कडब्यानं लहरींना काही होत नाही, हे ती माणसं कुंपण ओलांडायच्या आधीपासून मला ठाऊक होतं. म्हटलं, मोडू दे. काटा तसाच राहील आणि साहेब चारचौघांत तोंडावर पडतील.

साहेबांची मला आजही किळस येते. पण कडबा निर्दोष आहे हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला होतं.